ऑडिओग्राम उत्तम, तरी गर्दीत काही कळत नाही

माझा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, कुणालाही हेवा वाटावा असा आहे. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कानांच्या खुणा १० ते १५ डेसिबलच्या पट्ट्यात (आकडा जितका लहान तितका कान चांगला), शहाण्या मुलांसारख्या ओळीत उभ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, "चाळिशी ओलांडल्यावर असे कान फार कमी जणांचे राहतात. टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या." मी फी दिली. खाली मेडिकलच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवरचा मुलगा काहीतरी विचारत होता आणि ते काय, हे दोन-तीनदा विचारूनही मला कळलं नाही. आवाज येत होता, मोठा येत होता. शब्द होत नव्हते.

मी साताऱ्यात बँकेत आहे. अर्धी नोकरी काउंटरवर गेली. गोंगाटात माझं कमी चालतं हे मला कॉलेजपासून माहीत होतं, पण मी ते स्वभावात जमा केलं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी फार बोलत नाही, हॉटेलात भिंतीकडे पाठ करून बसते, मैत्रिणींच्या घोळक्यात सगळे हसले की हसते. घरी नवऱ्याचं ठरलेलं वाक्य: "अगं, तुला ऐकायचंच नसतं." मिक्सर चालू असताना दुसऱ्या खोलीतून बोलणाऱ्या माणसाने हे म्हणावं!

२०२० साली हे सगळं उघडं पडलं. आधी बँकेत प्लास्टिकचे पडदे आले, मग सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मास्कमुळे आवाजातला वरच्या पट्टीचा भाग दबतो, म्हणजे नेमकी स, श, फ, थ अशी व्यंजनं पुसट होतात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ओठ दिसेनासे झाले. इतकी वर्षं मी समोरच्याच्या ओठांवरून निम्मं वाचत होते, हे मला ओठ झाकले गेल्यावर समजलं. "ओ मॅडम, एकोणसाठ म्हनलो, एकोणसत्तर न्हाई," असं पडद्यापलीकडून रोज कुणीतरी ओरडायचं. रक्कम स्लिपवर लिहिलेली असते म्हणून निभावलं. पण संध्याकाळी घरी आल्यावर डोकं इतकं शिणलेलं असायचं की कुणी हाक मारली तरी रडू यायचं.

मराठी आकडे या बाबतीत निर्दयी आहेत. बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: सुरुवात जवळपास तीच, फरक शेपटात, आणि गोंगाटात शेपूटच आधी बुडतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली, वाद विधानसभेपर्यंत गेला. मी मात्र मनातल्या मनात बालभारतीच्या बाजूने होते. "पन्नास नऊ" आणि "साठ नऊ" यांत माझा घोटाळा होणार नाही.

तर पुढचा प्रवास. एका श्रवणयंत्रांच्या दुकानात मोफत तपासणी होती, तिथे मला यंत्र घेण्याचा आग्रह झाला. ऑडिओग्राम दाखवल्यावरही झाला. ज्याला १० डेसिबलचा आवाज ऐकू येतो त्याला आवाज आणखी मोठा करून काय मिळणार, याचं उत्तर विक्रेत्याकडे नव्हतं. शेवटी ऑफिसातल्या एकीची भावजय स्पीच थेरपी शिकत होती, तिने फोनवर माझं गाऱ्हाणं ऐकलं आणि म्हणाली, "ताई, सीएपीडीची टेस्ट झालीये का तुमची?" सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर. मराठीत श्रवण-प्रक्रियेतला बिघाड म्हणता येईल. कान आवाज पकडतो, पण मेंदूतल्या श्रवणमार्गावर त्याची जी उस्तवार व्हायला हवी ती नीट होत नाही. हे सहसा शाळकरी मुलांच्या बाबतीत बोललं जातं, त्यामुळे माझ्या वयाच्या बाईला कुणी सुचवत नाही. आपल्याकडे या विषयावर सर्वांत जास्त काम म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्थेत झालं आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. मला सोयीचं म्हणून मी पुण्यातल्या एका ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे श्रवणतज्ज्ञाची, वेळ घेतली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुलगी, पण कामाला पक्की.

पहिल्या भेटीत तिने मला यंत्राला हातही लावू दिला नाही. नुसते प्रश्न. फोन कुठल्या कानाला लावता? (उजव्या.) गाणं शिकलात का? आवाज कुठून आला ते कळतं का? एकदम तीन कामं सांगितली तर किती लक्षात राहतात? लहानपणी कान फुटायचा का? इथे मी थांबले. दर पावसाळ्यात डावा कान वाहायचा आणि आजी लसूण घालून तापवलेलं तेल सोडायची. मुलगी हसली नाही. म्हणाली, कान वाहत असताना तेल घालणं वाईटच, पण मुद्दा वेगळा आहे. भाषा शिकण्याच्या वयात कानात वारंवार पाणी किंवा पू असला तर त्या काळात मेंदूकडे अर्धवट आवाज पोचतो, आणि अशा काही मुलांमध्ये नंतर ही अडचण आढळते. सगळ्यांमध्ये नाही. तुमचं त्यामुळेच झालं असं मी सांगू शकणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून माझा तिच्यावर विश्वास बसला.

मी विचारलं, साधी तपासणी नॉर्मल असताना बिघाड आहे हे आलं कुठून? तिने १९५४ मधली गोष्ट सांगितली. इटलीतले बोक्का आणि त्यांचे सहकारी मेंदूच्या टेम्पोरल (कानशिलामागच्या) भागात गाठ असलेल्या रुग्णांचे कान तपासत होते. साध्या चाचणीत कान ठीक. मग त्यांनी बोलणं मुद्दाम बिघडवून, वरच्या पट्टीचा भाग गाळून ऐकवलं, तेव्हा गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान घसरला. साधी चाचणी मेंदूला फार सोपी जाते. बिघाड दिसायचा तर काम अवघड करावं लागतं. पुढच्या सगळ्या चाचण्यांचं तत्त्व हेच.

दुसऱ्या भेटीला तिने सकाळची पहिली वेळ दिली. थकलेल्या डोक्याने या चाचण्या केल्या तर निकाल थकव्याचाच येतो. आधी कानाचा पडदा आणि मधला कान हवेच्या दाबाने तपासला. मग कपाळावर आणि कानांमागे वायरी चिकटवून बेरा झाली: कानात टकटक आवाज, आणि त्याला मेंदूच्या बुंध्याकडून मिळणारी उत्तरं पडद्यावर लाटांच्या रूपात. आपण फक्त पडून राहायचं. मी चक्क झोपले. ही चाचणी कशाला, तर श्रवणाच्या नसेतच बिघाड असेल तर तो आधी बाजूला काढायला. तो नव्हता. वय आणि दोन कानांमधला फरक बघून नंतर एमआरआयही केला. त्यातही काही नाही.

मग आवाजबंद खोली, हेडफोन, आणि खरा खेळ.

शांततेत मराठी शब्द म्हणून दाखवायचे होते: २५ पैकी २५. मग त्याच पातळीवर मागे माणसांचा गलका सोडला, अनेक जण एकदम बोलतात तसा. उजव्या कानाला १७ शब्द लागले, डाव्याला १३. मला त्या गलक्यातले फुटकळ शब्दच जास्त स्पष्ट ऐकू येत होते. एक बाई "भाजी" म्हणत होती हे मी शपथेवर सांगेन.

पुढची चाचणी कळायला सोपी आणि करायला भयंकर. प्रत्येक कानात दोन-दोन आकडे, पण दोन्हीकडे एकाच क्षणी. उजवीकडे "तीन, आठ", त्याच वेळी डावीकडे "पाच, चार". चारही सांगायचे, कुठल्याही क्रमाने. मी आत्मविश्वासाने सांगत सुटले आणि मला खरंच वाटत होतं की काही वेळा डावीकडे आकडेच येत नाहीयेत, वायर सैल आहे. मी हात वर करून तसं सांगितलंही. तिने हेडफोन उलटे करून लावले. तरी डावीकडचेच गळत होते. निकाल: उजवा ४० पैकी ३८, डावा २८. मोठ्या माणसाला दोन्ही कानांनी साधारण ९० टक्के यायला हवेत, म्हणजे ३६.

याचं स्पष्टीकरण मला सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या अर्ध्या भागात चालतं. उजव्या कानाचा मुख्य रस्ता थेट तिथे जातो. डाव्या कानाचा आवाज आधी उजव्या भागात पोचतो, आणि तिथून दोन भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्यावरून, कॉर्पस कॅलोसमवरून, डावीकडे यावा लागतो. एरवी हे जाणवत नाही, कारण प्रत्येक कानाचा थोडा माल त्याच बाजूच्या भागाकडेही जातो. पण दोन्ही कानांत एकदम वेगवेगळं बोलणं आलं की ते आडरस्ते दबतात आणि डाव्या कानाला पट्टा ओलांडावाच लागतो. डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये अशाच आकड्यांच्या चाचणीतून उजव्या कानाची ही सरशी दाखवली. लहान मुलांमध्ये ती जास्त असते, कारण तो पट्टा पूर्ण तयार व्हायला किशोरवय उजाडतं. म्हणूनच सात वर्षांच्या आत या चाचण्या सहसा करत नाहीत, आणि त्यापुढेही प्रत्येक वयाची पट्टी वेगळी असते.

आवाजात बारीक खंड ओळखायचा होता, तो मला नीट जमला: ५ मिलिसेकंदांचा खंडही कळला, जे सर्वसाधारण आहे. मग सूर. ८८० हर्ट्झचा खालचा आणि ११२२ हर्ट्झचा वरचा, असे तीन तुकडे एकापाठोपाठ वाजतात आणि आपण "वर, वर, खाली" असं सांगायचं. मी निम्म्याला गडबडले. तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आता सांगू नका. फक्त गुणगुणा." गुणगुणायला लागले तर जवळजवळ सगळे बरोबर! सूर ओळखणं उजव्या भागाचं काम, त्याला नाव देणं डाव्याचं. गुणगुणता येतं आणि सांगता येत नाही, शिवाय डावा कान मागे पडतो, म्हणजे संशय एकाच जागेवर येतो: दोन भागांमधली देवाणघेवाण. किमान दोन चाचण्यांत सरासरीपेक्षा दोन प्रमाणविचलनांहून (म्हणजे लोकांच्या गुणांत एरवी असतो त्या फरकाच्या दुपटीहून) जास्त खाली गेलं तर निदान करतात. मी बसले त्यात.

निदान झालं म्हणून आनंद व्हावा हे विचित्र आहे, पण झाला. मी फोटो काढून तो रिपोर्ट नवऱ्याला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. संध्याकाळी मात्र मिक्सर बंद करून स्वयंपाकघरात येऊन बोलला.

यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या डेव्हिड मूर यांच्या गटाने सुमारे दीड हजार मुलं तपासून म्हटलं की ज्याला आपण श्रवण-प्रक्रियेची अडचण म्हणतो त्यात बराच वाटा लक्ष देण्याच्या क्षमतेचा आहे, कानाकडून येणाऱ्या माहितीचा कमी. ऑडिओलॉजिस्टनेच मला हे सांगितलं आणि मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. तिथे लक्ष, स्मरणशक्ती यांच्या चाचण्या झाल्या. त्या ठीक आल्या. पण मुलांच्या बाबतीत हा टप्पा टाळू नये असं माझं मत आहे. वर्गात न ऐकणाऱ्या मुलाला लक्ष टिकवण्याची अडचण असेल, वाचनाची असेल, भाषेची असेल किंवा तो नुकताच मराठीतून इंग्रजी माध्यमात टाकलेला असेल. सगळ्यांवर हेडफोन हा उपाय नाही.

उपचाराची कल्पना साधी आहे. दुबळ्या कानाला बळ येईपर्यंत सबळ कानाचा आवाज कमी ठेवायचा. डाव्या कानात एक मजकूर, उजव्या कानात दुसरा, आणि लक्ष डावीकडे. सुरुवातीला उजवीकडचा आवाज इतका खाली की डावीकडचं सगळं कळावं. जमायला लागलं की उजवीकडचा हळूहळू चढवायचा. क्लिनिकमध्ये हे यंत्रावर मोजून होतं. घरच्या सरावासाठी तिने मला स्टिरिओ फाइल बनवायला शिकवलं. डावीकडे मुलाने वाचलेले धडे, उजवीकडे नवऱ्याने वाचलेले अग्रलेख. नवऱ्याचा आवाज वैद्यकीय सल्ल्याने कमी करण्याची सोय किती बायकांना मिळते?

जोडीला गोंगाटातले शब्द: आधी गोंगाट कमी, मग बरोबरीचा, मग जास्त. त्यासाठी मुद्दाम चुकणाऱ्या जोड्या घेतल्या होत्या: ताट-थाट, दार-धार, काल-खाल, बाल-बाळ. आणि एक उपाय असा, की मी सांगितल्यावर लोक हसतात: पिशवीत हात घालून, न बघता, डाव्या हाताने वस्तू ओळखून तिचं नाव मोठ्याने सांगायचं. डाव्या हाताचा स्पर्श उजव्या मेंदूत जातो, नाव डावीकडून येतं, मधला पट्टा राबतो, असा हिशेब. मी बँकवाली, पिशवीत नाणी टाकली. वीस रुपयांचं बारा कडांचं नाणं लगेच कळतं; एक आणि दोनच्या नव्या नाण्यांनी छळ मांडला. या सरावाने मला नेमकं काय दिलं ते मी सांगू शकत नाही. नाण्यांचा सराव झाला हे नक्की.

क्लिनिकचे सुरुवातीचे काही आठवडे खंबाटकी घाट ओलांडून जाणं-येणं केलं, नंतर बरंचसं घरीच. कंटाळा खूप येतो. कान दुखत नाहीत, डोकं दुखतं. अर्धा तास झाला की थांबायचं असा नियम होता आणि तो पाळलेलाच बरा.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. डावा कान २८ वरून ३५ वर आला होता. हवे होते ३६! सूर सांगणंही बरंच सुधारलं. पण गोंगाटातले शब्द? दोन्ही कानांना दोन-दोन शब्द जास्त, बस. माझ्या तोंडावर निराशा दिसली असावी. ती म्हणाली, चाचणीतला गुण वाढणं आणि लग्नाच्या हॉलमध्ये गप्पा कळणं यात अंतर राहतं, ते औषधाने किंवा फाइलने पूर्ण भरत नाही. इंटरनेटवर महागडे ऐकण्याचे प्रोग्रॅम विकणारे हे वाक्य कधीच सांगत नाहीत.

उरलेलं अंतर मी खोलीनेच भरते. आवाज आणि गोंगाट यांच्यातला फरक वाढवायचा, एवढंच गणित. वर्गांसाठी तज्ज्ञ सांगतात की शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर हवा. आपल्या वर्गात पंखे, उघड्या खिडक्या, बाहेर रस्ता, उघड्या भिंती, तिथे हे कसं साधणार देव जाणे. घरात मी हॉलला जाड पडदे लावले, जेवताना टीव्ही बंद. फोनसाठी दोन्ही कानांवर बसणारा हेडसेट. बैठकीत गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं लगेच लिहून दाखवणारं अ‍ॅप, फोनवर चालू ठेवते. ते मराठीही टिपतं, गावांची नावं वाट्टेल ती लिहितं, पण वाक्याचा धागा हातात राहतो. बोलणाऱ्याच्या गळ्यात माइक आणि आपल्या कानात रिसीव्हर, अशी यंत्रणाही असते. मुलांना वर्गात तिचा सगळ्यात चांगला उपयोग होतो म्हणतात. तिची किंमत ऐकून मी तूर्त पुढे ढकललं आहे.

ऑफिसात सवलत मागताना कायदा कामाला आला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण ऐकण्याचं मोजमाप डेसिबलवर: दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढे कमतरता असेल तर तुम्ही कर्णदोषाच्या व्याख्येत येता. माझे १५. मुलांना किमान अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळू शकतं, तेही ती अक्षमता सोबत असेल तर. माझ्यासारख्यांसाठी रकानाच नाही. शेवटी मॅनेजरसाहेबांसमोर रिपोर्ट ठेवला आणि तीनच गोष्टी मागितल्या: टोकनची घंटा आणि एसी यांच्यापासून लांबचं टेबल, बैठकीचे मुद्दे लेखी, आणि मला पाठीमागून सूचना देऊ नयेत. त्यांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला, "म्हणजे ऐकू येतं ना?" असं विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्यांनी टेबल बदलून दिलं. कर्जविभागात आता समोर एक माणूस बसतो, मागे भिंत असते.

लेखी मुद्द्यांचा फायदा उरलेल्या स्टाफलाही झाला, असं ते स्वतःच सांगत फिरतात. पाठीमागून सूचना मात्र अजून येतात. मग मी खुर्ची वळवते आणि म्हणते, "साहेब, समोर येऊन बोला."